नीसला मुक्काम ठोका आणि ट्रेनने फिरा: कारशिवाय फ्रेंच रिव्हिएरा कसा बघायचा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जायचं ठरलं की बरेच जण दोन रात्री नीस, एक रात्र कान्स, एक मोनाको असा प्लॅन करतात आणि अर्धी सुट्टी बॅगा भरण्यात जाते. चार-पाच रात्री असतील तर सगळ्या नीसलाच काढा, कार अजिबात घेऊ नका, रोज सकाळी ट्रेन पकडा आणि संध्याकाळी परत या. रेल्वे समुद्राला चिकटून जाते, गावं एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांवर आहेत, आणि पार्किंग शोधण्यात जो वेळ जातो त्यात एक अख्खं गाव बघून होतं.

हॉटेल शक्यतो नीस-व्हिल स्टेशन आणि झां मेदसँ रस्त्याच्या मधे कुठेतरी बघा. एअरपोर्टवरून ट्राम नंबर २ थेट झां मेदसँला येते, टॅक्सी लागत नाही.

पहिला दिवस नीसलाच द्या. सकाळी लवकर शातो (म्हणजे किल्ला) टेकडीवर जा, पायऱ्या चढायच्या नसतील तर समुद्राच्या बाजूने फुकट लिफ्ट आहे. वर किल्ला शोधत बसू नका, तो चौदाव्या लुईच्या हुकमाने १७०६ मधे पाडला, पण वरून अर्धगोल खाडी आणि जुन्या शहराची लाल कौलं दिसतात ते खरंच डोळे भरून बघण्यासारखं आहे. दुपारी बाराला टेकडीवरून तोफेचा बार होतो, रोजचाच आहे, दचकू नका. खाली उतरलात की कूर सालेयाचा बाजार, फुलं, भाज्या, ऑलिव्ह. पण सोमवारी तिथे भाजीबाजार नसतो, जुन्या वस्तूंचा असतो, तेवढं बघून दिवस ठरवा.

आणि इथे सोक्का खायचाच! चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वरून मिरपूड. म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त कडा कुरकुरीत आणि धुराचा वास. शाकाहारी लोकांनी बिनधास्त खावा, अंडंही नसतं. पिसालादिएर मात्र नुसता कांद्याचा पिझ्झा वाटतो आणि त्यात मासे असतात, सालाद निस्वाजमधेही असतात, तेव्हा आधी विचारा.

दुपारनंतर नीसच्याच सिमिएझ भागात चित्रकार मातिसचं म्युझियम बघा, शेजारी ऑलिव्हची जुनी बाग आहे, तिथे नुसतं बसलं तरी चालतं. मातिस १९१७ मधे नीसला आला आणि १९५४ मधे इथेच गेला, त्याची कबरही जवळच्या मठाच्या स्मशानात आहे. चित्रकार शागालचं म्युझियम याच रस्त्यावर लागतं. दोन्ही मंगळवारी बंद. बीचवर वाळू नाही, गोटे आहेत, अनवाणी चालवत नाही, म्हणून पाण्यात घालायचे रबरी शूज घरूनच न्या.

आता खरी मजा, म्हणजे पूर्वेकडची लाईन. व्हेंतिमिल्याकडे, म्हणजे सीमेपलीकडच्या इटलीतल्या गावाकडे, जाणारी लोकल घ्या आणि उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडेच. पहिलं व्हिलफ्रांश, जेमतेम सात-आठ मिनिटं, स्टेशनच्या खालीच बीच आणि इथे गोटे बरेच बारीक आहेत, मुलं बरोबर असतील तर पोहायला हेच निवडा. बंदरावर मच्छीमारांचं एक छोटं चॅपल आहे, ते कवी-चित्रकार झां कॉक्तोने १९५७ मधे रंगवलंय, आणि मागे र्यू ऑब्स्क्यूर नावाची पूर्ण छताखालची जुनी गल्ली.

एझच्या बाबतीत लोक हमखास फसतात. रेल्वेचं एझ स्टेशन समुद्राच्या पातळीला आहे आणि फोटोतलं ते दगडी गाव सव्वाचारशे मीटर वर! मधे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाची पायवाट आहे, चढायला तास-दीड तास, सावली कमी. माझा सल्ला असा की नीसच्या व्होबाँ स्टॉपवरून ८२ नंबरची बस पकडून वर जा, गाव आणि निवडुंगाची बाग बघा, आणि ती पायवाट उतरून खाली ट्रेन पकडा. गुडघे दुखत असतील तर बसनेच परत या.

मोनाकोला अर्धा दिवस पुरे. राजवाड्यासमोर ११:५५ ला पहारा बदलतो, तो बघा, मग समुद्रकड्यावरचं ओशनोग्राफिक म्युझियम, मुलांना फार आवडतं. राहिलेला अर्धा दिवस माँतोंला द्या, पिवळी-केशरी घरं, लिंबांच्या बागा, गर्दी कमी, मला तर हेच गाव सगळ्यात आवडतं. मधे रोकब्रून-काप-मार्तँ लागतं, तिथे चंदीगड घडवणाऱ्या ल कोर्ब्युझिएची लाकडी खोली आहे, एवढीशी, पण चंदीगडच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्सबरोबर एकाच यादीत २०१६ मधे युनेस्कोने घेतली. आर्किटेक्चरवाल्यांनी चुकवू नये, फक्त आधी बुकिंग करावं लागतं.

पश्चिमेला एकच दिवस असेल तर कान्स नाही, आंतीब. तटबंदी, झाकलेला बाजार, आणि समुद्रावरच्या वाड्यात पिकासोचं म्युझियम, १९४६ मधे त्याने तिथेच काम केलं होतं. ते सोमवारी बंद असतं.

मे महिन्यात कान्सचा फिल्म फेस्टिव्हल आणि त्याच सुमाराला, कधी जूनच्या सुरुवातीला, मोनाकोची फॉर्म्युला वन कार रेस असते, तेव्हा हॉटेलचे भाव वेडे होतात, तारखा बघूनच बुक करा. सप्टेंबर उत्तम, पाणीही कोमट असतं. निघायच्या आदल्या रात्री ट्रेनचा संप नाही ना बघा, फ्रान्समधे होतात. मोनाकोच्या ट्रेनमधे खिसेकापू असतात, सॅक पुढे घ्या. आणि पासपोर्ट रोज बरोबर ठेवा, मोनाकोत शिरताना कोणी विचारत नाही, पण व्हेंतिमिल्याच्या बाजारातून परत येताना माँतों-गाराव्हां स्टेशनवर फ्रेंच पोलिस डब्यात चढून कागद तपासतात.