किमान वेतनापेक्षा कमी पगार देतायत? भांडायच्या आधी हे करा

पहिली गोष्ट, सुपरवायझरशी भांडायला जाऊ नका. म्हणजे अजून जाऊ नका. मी गेलो होतो. एमआयडीसीत एका पॅकिंग युनिटला कॉन्ट्रॅक्टरमार्फत लागलो होतो, पगाराच्या दिवशी सगळ्यांसमोर आवाज चढवला आणि दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमन म्हणतो, तुझं नाव लिस्टमधून काढलंय. बरं माझ्या हातात काय होतं? कागदाचा कपटा नाही. हजेरी त्यांच्या मस्टरवर, सही त्यांच्या रजिस्टरवर, पगार पाकिटात, मी तिथे काम करत होतो हेच दाखवता येईना.

तर आधी आकडा काढा. महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे सगळ्यांना एकच रक्कम असं नसतं. मूळ वेतन अधिक विशेष भत्ता असा हिशोब असतो. मूळ वेतन तुमचा उद्योग कुठला (दुकान, हॉटेल, इंजिनिअरिंग सगळ्यांचं वेगळं), गाव कुठल्या परिमंडळात (म्हणजे झोनमध्ये) येतं आणि तुम्ही कुशल, अर्धकुशल का अकुशल यावर ठरतं, आणि विशेष भत्ता महागाईप्रमाणे जानेवारी आणि जुलैत बदलतो. मालक लोक खरी चलाखी या भत्त्यातच करतात, मूळ वेतनाचा कागद दाखवतात आणि म्हणतात बघ, देतोय की. चालू दराचा तक्ता कामगार आयुक्तालयाच्या वेबसाइटवर असतो, तो डाउनलोड करून ठेवा.

आता गणित. समजा (समजा म्हणतोय, तुमचा दर तुम्ही बघा) महिन्याचा दर १३,००० आहे. भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), म्हणजे दिवसाचे ५००, आणि हे ८ तासांचे. तासाला ६२ रुपये ५० पैसे. ओव्हरटाइम दुप्पट, म्हणजे तासाला १२५. आता १२ तासांची ड्युटी करणारा सिक्युरिटीवाला घ्या, रोज ४ तास जादा, त्याचेच ५०० होतात. २६ दिवसांचे एकूण २६,००० व्हायला पाहिजेत आणि त्याच्या हातात पडतात ११,०००, वर ऐकून घ्यायचं की बाबा तुला किमान वेतनाच्या जवळपास देतोय! बहुतेकांना वाटतं आपले महिन्याला दोनेक हजारच कमी येतायत, कारण जादा तास कुणी मोजतच नाही.

मग पुरावा, आणि तो रोजच्या रोज. आमच्या शेजारच्या वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारीच नवऱ्याची ड्युटी लिहायच्या, ८ ते ८, तारखेच्या चौकोनात. असलं कॅलेंडरही उपयोगी पडतं. शिवाय गेटपास, आयकार्ड, 'उद्या नाइटला ये' वाले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, युनिफॉर्ममधला फोटो, बँकेचं स्टेटमेंट. पीएफ कापत असतील तर पासबुक उघडाच. तिथे तुमचा हिस्सा १,५६० दिसत असेल तर १२ टक्क्यांच्या हिशोबाने त्यांनी सरकारला तुमचा पगार १३,००० सांगितलाय, आणि तुम्हाला देतात ९,५००. मधले पैसे कुठे गेले हे मग त्यांनाच विचारता येतं.

अजून एक प्रकार चालतो. पगार खात्यात पूर्ण पडतो आणि दुसऱ्या दिवशी तीन हजार कॅश परत द्यायचे, किंवा एटीएम कार्डच कॉन्ट्रॅक्टरच्या खिशात. हे काय नवीन नाही. दिल्लीत एशियाडची (आशियाई खेळांची) बांधकामं चालू होती तेव्हा दिवसाची किमान मजुरी होती ९ रुपये २५ पैसे आणि मजूर आणणारे जमादार रोज माणशी १ रुपया कमिशन कापून घ्यायचे. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९८२ ला कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं म्हणजे वेठबिगारीच, घटनेचं कलम २३ मोडणं. तुमच्याकडे असं होत असेल तर पैसे काढलेल्या तारखा आणि एटीएमची जागा लिहून ठेवा, दहा जणांच्या खात्यातून एकाच दिवशी एकाच मशीनवर पैसे निघाले की वेगळं काही सांगावं लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा जुना किमान वेतन कायदा जाऊन वेतन संहिता आलीय. क्लेमची मुदत आधी ६ महिने होती, आता ३ वर्षं. फरकाची रक्कम तर मिळतेच, वर तिच्या १० पटीपर्यंत भरपाई देता येते (देतीलच असं नाही, पण मागायला विसरू नका). पगार पूर्ण दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. कॉन्ट्रॅक्टरने हात वर केले तर पैसे द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. आणि 'तू सही करून कमी पगार मान्य केलायस' असं म्हणाले तर म्हणू द्या, असा करारच कायद्यात बाद आहे. ट्रेनी म्हणून ठेवलंय हीपण पळवाट, रीतसर अप्रेंटिसचा करार नसेल तर तुम्ही कामगारच.

अर्ज कामगार कार्यालयात द्यायचा. रेल्वे, बँक, बंदर अशा ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवर असाल तर केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे, नाहीतर इथल्याइथे चकरा होतात. अर्जात महिनावार तक्ता टाका: मिळायला हवे होते किती, मिळाले किती, फरक किती. भाषा साधी चालते. एकट्याने देऊ नका, पाच-सहा जण मिळून एकच अर्ज करता येतो आणि सगळ्यांना एकदम काढणं त्यांनाही जड जातं. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, 'साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा' म्हणाले तर बाकड्यावर बसा. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना, एससी-एसटींना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्न न बघता फुकट मिळतो.

अर्जावर सुनावणीची तारीख लागली की कंपनीचा माणूस बाहेर पॅसेजमध्ये गाठतो, चहा पाजतो, म्हणतो वीस हजार घे आणि इथे सही कर. तडजोड करायला हरकत नाही, आपला आकडा आपल्याला माहीत आहे तर करावीही, पण ती अधिकाऱ्यासमोर, लेखी, रक्कम खात्यात, आणि पूर्ण पैसे मिळाले म्हणून सही करायची ती पैसे आल्याचा मेसेज मोबाइलवर दिसल्यावर.