रात्रीच्या पाण्याला कोणती बॅटरी (टॉर्च) घ्यावी?

आमच्याकडे शेतीपंपाची लाइन आठवडाआड रात्रीची. बांधावर घोणस असतेच, म्हणून मी लांबचा झोत बघत नाही, पायापुढं पसरणारा उजेड बघतो. दुकानात मागचं झाकण उघडायला लावा. आत १८६५० चा (चार्ज होणारा, नळीसारखा लिथियमचा) सेल असेल आणि वर ९९०० एमएएच (सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलं असेल, तर सरळ परत ठेवा. या मापाच्या चांगल्या सेलातही साधारण ३५०० च मावतात! पाटात पडली तरी चालावी म्हणून आयपीएक्स७ (थोडा वेळ पाण्यात बुडाली तरी बिघडत नाही, अशी खूण) बघा. सेल बदलता यायला हवा. शिशाच्या बॅटरीवाली स्वस्त मिळते, पण उतरलेली तशीच महिनोन्‌महिने पडली की चार्ज धरत नाही. हजार-दीड हजार जातात खरे, रात्रपाळीवाल्यानं घालावेतच. नुसतं लाइट गेल्यावर मीटरपर्यंत जायचं असेल, तर दोनशेवालीही बास.