टिनाच्या छपराच्या खोलीत सबवूफर घेताना

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या पीएमपीओ वॅटांवर (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) जाऊ नका, आरएमएस आकडा (सतत मिळणारी ताकद) विचारा. टेबलाशी बसून ऐकायला दोन्ही स्पीकर मिळून 10 ते 20 वॅट आरएमएस भरपूर होतात.

सबवूफरचं, म्हणजे बास (खालचा, जाड आवाज) काढणाऱ्या वेगळ्या डब्याचं, आपल्याकडचं खरं दुखणं म्हणजे टिनाचं छप्पर. खाली बास वाजला की वर पत्रा खडखडतो आणि बोल मात्र स्पीकरला बसतात! आधी छपराचे ढिले नट-बोल्ट कसून घ्या. कोपऱ्यात बास फुगतो, म्हणून डबा तिथून बाहेर ओढा, बासची चकरी कमी करा. सुमारे 80 हर्ट्झखालचा, म्हणजे खूप जाड आवाज नेमका कुठून येतो ते कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे डबा टेबलाखाली चालतो. छोटे स्पीकर मात्र कानाच्या उंचीला, तुमच्याकडे तोंड करून ठेवा.

नुसती भजनं, बातम्या, ऑनलाइन क्लास ऐकायचे असतील तर माझ्या मते सबवूफर घेऊच नये. तेवढ्याच पैशात दोन बरे स्पीकर येतात.

आणि लाइन गेली की स्पीकरचं बटण लगेच बंद करा, परत येताना व्होल्टेजचा झटका बसू शकतो.