उपयोजित लेखन तपासताना या चुका टाळा

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या (राज्य मंडळाचं मराठीचं पुस्तक) पेपरात उपयोजित लेखन म्हणजे पत्र, जाहिरात असं प्रत्यक्ष वापरातलं लेखन, त्यात पत्राला 6 मार्क, जाहिरात, बातमी, कथा यांना 5-5 आणि निबंधाला 8, म्हणजे बऱ्यापैकी मार्क इथेच आहेत. पण पेपरांचा गठ्ठा समोर आला की आपलं लक्ष आधी अक्षराकडे जातं, मग शुद्धलेखनाकडे, आणि जे मागितलं होतं ते मुलाने लिहिलंय का हे बघायचं राहूनच जातं. सगळ्यात मोठी चूक हीच.

पत्राचंच घ्या. प्रश्न असतो की विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांकडे रोपांची मागणी करा. मुलगी दिनांक, प्रति, विषय सगळं नीट जागेवर लिहिते आणि मग अख्खा मजकूर झाडांचं महत्त्व यावर, कोणती रोपं, किती, कधीपर्यंत हवीत याचा पत्ताच नाही!! मांडणी बरोबर म्हणून तिला 5 दिले तर ज्याने खाडाखोड करून का होईना नीट मागणी केली त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून तपासायच्या आधी प्रश्नाखाली पेन्सिलने लिहून ठेवा, कोण लिहितंय, कुणाला, कशासाठी, आणि मजकुरात काय काय यायलाच हवं. दोन मिनिटांचं काम आहे.

निबंधात पाठांतर फार फसवतं. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ मागितलं आणि मुलाने ‘शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे’ पासून शेतकऱ्याबद्दलच लिहिलं, तर भाषा कितीही गोड असो, ते मनोगत नाही, कारण ‘मी’ कुठेच बोलत नाही. शंका आली तर प्रश्न झाका आणि नुसतं उत्तर वाचून प्रश्न काय असेल ते ओळखून बघा, नाही ओळखता आला तर गडबड आहे.

मुद्द्याचा नुसता उल्लेख आणि मुद्दा फुलवणं यातही फरक करा, कथेत दिलेले सगळे शब्द एकाच वाक्यात कोंबले म्हणून कथा होत नाही. उलट बाजूने, ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क एकदा कापलेत ना, मग त्याच चुकांसाठी आशयाचे परत कापू नका प्लीज.

आणि शेरा देताना ‘छान’, ‘सुधारणा हवी’ याने मुलांना काहीच कळत नाही हो, त्यापेक्षा ‘रोपं किती हवीत ते राहिलं’ एवढं लिहा, पुढच्या वेळी ते मूल प्रश्न दोनदा वाचेल.