कमी वजनाच्या बाळाच्या घरी जाताय? या चुका टाळा

गृहभेटीला नव्यानं लागलेल्या मुली माझ्याबरोबर येतात आणि पहिल्याच घरात तीच चूक होते. आत गेल्या की बाळ आईच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतात. पिशवीतून खुळखुळा निघतो, चेंडू निघतो, बाळ हसतं, अहवालासाठी फोटो निघतो. आई उंबऱ्यापाशी बसून बघत राहते. भेट संपली की बाळाशी कसं खेळायचं हे फक्त ताईंना माहीत असतं, आणि ताई उगवणार पुढच्या आठवड्यात.

याचा परिणाम मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर पाहिलाय. बाळ बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, १४०० ग्रॅमचं, एसएनसीयूतून, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षातून, घरी आलेलं. एका संस्थेची कार्यकर्ती नेमानं यायची, खेळ घ्यायची, वहीत खुणा करायची. दिवाळीच्या सुमारास घरदार ऊसतोडीला कारखान्यावर गेलं. खेळण्यांची पिशवी आजीनं पेटीत कुलूप लावून ठेवली. "ताईंची वस्तू, हरवली तर भरून कोण देणार?" कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, आईबाप पहाटेच फडात निघायचे आणि बाळ दिवसभर झोळीत असायचं. जवळ सात वर्षांची बहीण. बाळ रडलं की झोका द्यायचा, एवढंच तिला सांगितलेलं. उन्हाळ्यात ते परतले तेव्हा बाळ नजरेला नजर देईना, तोंडानं आवाज काढणंही जवळपास थांबलेलं. वजन मात्र वाढलेलं, म्हणून घरचे निश्चिंत.

मी गेले तेव्हा बाळाला हातच लावला नाही. आईला म्हटलं, "तेल लावायची वेळ झाली ना? लावा, मी बसते." तिनं पाय पसरून बाळ पायांवर घेतलं. चोळत होती ती गप्पपणे, भराभर. "पायाला तेल लावतेय, असं त्याला सांगा की." ती लाजली. "त्याला काय कळतंय, ताई?" तरी बोलली. थोड्या वेळानं बाळानं बारीकसं 'उं' केलं. ती पुढं बोलणार तेवढ्यात मी तिला थांबवलं. आता तुम्हीही 'उं' म्हणा आणि त्याची वाट बघा. बराच वेळ काही झालं नाही. मग पुन्हा 'उं' आलं, आणि तोवर माझ्याकडे बघून विचारणारी आई बाळाकडे बघायला लागली. त्या भेटीत मी दुसरं काहीही शिकवलं नाही. पुढच्या भेटीला बहिणीला जवळ बसवलं आणि ओढणीआड तोंड लपवायचा खेळ तिच्याकडून करून घेतला, कारण कोपीवर बाळाजवळ तीच असणार होती.

जन्माच्या वेळी मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पावपट असतो. वर्षभरात तो दुप्पट होतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत जवळपास ८० टक्क्यांपर्यंत पोचतो. या काळात पेशींच्या असंख्य जोडण्या होतात. वापरात राहतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. बाळानं आवाज केला आणि समोरून उत्तर आलं, हे दिवसभर घडत राहायला हवं. आठवड्यातून तासभर येणारी बाई ते कुठून पुरवणार?

जमैकात किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली खुरटलेल्या १२९ मुलांवर जे काम सुरू झालं, त्यातल्या सुमारे निम्म्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला एक तास जायच्या, दोन वर्षं. टाकाऊ वस्तूंची खेळणी असायची, पण खेळायचं आईनं. ती मुलं बाविशीत आली तेव्हा त्यांची कमाई भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या पूरक आहारानं असा टिकाऊ फरक पडला नाही. रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना पालक-कुटुंबं मिळाली. त्यातली जी दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंबात गेली, त्यांचा आठव्या वर्षीचा मेंदूचा आलेख (ईईजी) घरी वाढलेल्या मुलांच्या जवळ आलेला दिसला.

म्हणून माझी सवय अशी: पिशवी नेतच नाही. घरातली वाटी, चमचा, परात, झाकणाचा डबा पुरतो, आणि तो कोपीवरही असतो.

दुसरी चूक वयाची, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. आठ आठवडे लवकर आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची. पहिली दोन वर्षं वाढ मोजताना हे आठवडे वजा करायचे. हे न करता शेजारचं बाळ बसलं म्हणून आपलं उशांमध्ये कोंबून बसवणारे लोक मला रोज भेटतात. पण वजाबाकी करूनही बाळ मागं असेल, तर "त्याचे वडीलही उशिरा बोलले" म्हणत बसू नका. वजा करून चार महिने झाले तरी मान धरत नाही, मुठी सतत घट्ट, पाय कडक होऊन एकमेकांवर चढतात, तोंडाकडे बघत नाही: यातलं काहीही दिसलं तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, न्या. तिथं तपासणी आणि उपचार मोफत असतात. लसींना मात्र ही वजाबाकी लागू नाही. त्या जन्मतारखेनंच द्यायच्या.

कांगारू पद्धत दवाखान्यातच सोडून येऊ नका. घरीही बाळ उघड्या छातीशी जितके तास ठेवता येईल तितकं बरं, आणि बापाची छातीही चालते.

चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून चार आठवड्यांच्या आत तपासून घ्या. ही तारीख चुकली आणि आजार वाढला, तर दृष्टी जाऊ शकते. कानांची तपासणीही राहू देऊ नका.

बुद्धी वाढवणाऱ्या थेंबांवर, चित्रांच्या कार्डांवर पैसे घालवू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेले लोहाचे थेंब मात्र रोज द्या.

वॉकर नको. जेवताना मोबाइल नको.

आईला चुका सांगून सुरुवात करू नका. ती आधीच घाबरलेली असते, "तुझ्यामुळंच असं झालं" हे घरात ऐकलेलं असतं. तिला सतत रडू येतंय, झोप उडालीय, बाळाला घ्यावंसंच वाटत नाही, असं दिसलं तर खेळ बाजूला ठेवा आणि आधी तिला डॉक्टरांकडे न्या.