धावण्यासाठी जीपीएस घड्याळ निवडताना

घड्याळांची तुलना करायला बसले की झोपेचे गुण, ताणाचा आलेख, रक्तातील ऑक्सिजन, गाणी साठवण्याची सोय अशी लांबलचक जंत्री समोर येते आणि ज्यासाठी घड्याळ घ्यायचे ते धावणे मागे पडते. धावणाऱ्याला अंतर, वेग आणि हृदयगती या तीन गोष्टी भरवशाच्या हव्या असतात आणि त्या धावता धावता एका नजरेत वाचता आल्या पाहिजेत. त्यामुळे आपण कुठे धावतो आणि आपल्या सरावात घड्याळावाचून नेमके काय अडते, हे आधी ठरवावे. किंमत आणि ब्रँड यांचा विचार त्यानंतर करावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच तपासावी. स्वस्त फिटनेस बँडच्या जाहिरातीत अनेकदा ‘कनेक्टेड जीपीएस’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा की बँडला स्वतःचा जीपीएस नाही, तो खिशातल्या फोनचा जीपीएस वापरतो. फोन घरी ठेवून धावायचे असेल तर अशा बँडचा उपयोग नाही.

अंतर चुकण्याचे शहरातील मुख्य कारण म्हणजे उंच इमारती. उपग्रहाचा संकेत थेट न येता भिंतींवर आपटून येतो, त्याला किंचित जास्त वेळ लागतो आणि घड्याळ आपल्याला रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवते. लोअर परळच्या टॉवरांमधून धावणाऱ्याला हा त्रास जितका होतो, तितका समुद्राच्या बाजूने आकाश मोकळे असलेल्या मरीन ड्राइव्हवर होत नाही. यावरचा उपाय म्हणजे दुहेरी वारंवारितेचे, म्हणजे ड्युअल बँड घड्याळ. ते एल१ या जुन्या संकेताबरोबर एल५ हा नवा संकेतही वाचते आणि एल५च्या रचनेमुळे थेट आलेला व परावर्तित झालेला संकेत वेगळा ओळखणे त्याला सोपे जाते. मात्र यात बॅटरी जास्त खर्च होते. शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर किंवा मोकळ्या मैदानावर धावणाऱ्याने यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

घड्याळ चांगले असूनही शर्यतीत अंतर जास्तच दिसते, आणि तो बहुतेक वेळा घड्याळाचा दोष नसतो. मॅरेथॉनचा 42.195 किलोमीटरचा मार्ग वळणांच्या आतल्या कडेने, शक्य तितक्या जवळच्या रेषेवर मोजलेला असतो. आपण मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलांकडे वळत जातो. चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करायची तर प्रत्येक किलोमीटरला सुमारे 5 मिनिटे 41 सेकंद मिळतात. पण घड्याळात शेवटी 42.6 किलोमीटर भरणार असतील, तर त्याच घड्याळावर 5:38 दिसत राहिले पाहिजे. हे तीन सेकंद हिशेबात धरले नाहीत, तर घड्याळाप्रमाणे वेळेत असलेला धावपटू अंतिम रेषेवर दोन मिनिटे उशिरा पोहोचतो. म्हणून अनुभवी लोक आपोआप पडणारा लॅप, म्हणजे घड्याळाने स्वतःच दर किलोमीटरला केलेली वेळेची नोंद, बंद ठेवतात आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या फलकाशी स्वतः लॅपचे बटण दाबतात.

इथेच बटणांचा प्रश्न येतो. केवळ स्पर्शपडद्यावर चालणारे घड्याळ दुकानात सुबक वाटते, पण जुलैच्या पावसात किंवा मुंबईच्या दमट हवेत घामाने भिजलेल्या बोटांना पडदा नीट दाद देत नाही. इंटर्व्हलचा, म्हणजे वेगाने आणि संथ असे आलटून पालटून धावण्याचा, सराव करणाऱ्याने लॅपसाठी खरे बटण असलेलेच घड्याळ घ्यावे. माझ्या मते ही अट ड्युअल बँडपेक्षाही महत्त्वाची आहे.

मनगटावरची हृदयगती हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्तप्रवाहातील चढउतारावरून मोजली जाते. संथ धावताना ती बहुधा ठीक असते, परंतु पट्टा सैल असला की घड्याळ हृदयाऐवजी पावलांची लय मोजू लागते. गप्पा मारता येतील इतक्या आरामात धावत असताना घड्याळ 172 दाखवत असेल आणि पावलेही मिनिटाला तितकीच पडत असतील, तर तो आकडा हृदयाचा नाही असे खुशाल समजावे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधावे. छोट्या, वेगवान इंटर्व्हलमध्ये मनगटावरचा आकडा मागे रेंगाळतो. तिथे हृदयाचे विद्युत संकेत वाचणारा छातीचा पट्टाच हवा. घड्याळाला असा पट्टा जोडता येतो का, हे विचारून घ्यावे.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची, म्हणजे यवतेश्वरच्या घाटाची तयारी करणाऱ्याने हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर पाहावा, कारण केवळ जीपीएसवरून काढलेली उंची बरीच भरकटते. गार्मिन कंपनीच्या फोररनर 55 या घड्याळात बॅरोमीटर नाही, फोररनर 165 मध्ये आहे. कोरोस कंपनीच्या पेस 3 मध्ये बॅरोमीटर आणि ड्युअल बँड दोन्ही आहेत. चढावर तसेही वेगाकडे न पाहता हृदयगतीकडे पाहावे.

बॅटरीची चिंता हाफ मॅरेथॉन धावणाऱ्याला नको. अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यत, धावणाऱ्याने मात्र जाहिरातीतले तास कोणत्या मोडमधले आहेत ते वाचावे, कारण ड्युअल बँड आणि सतत उजळ राहणारा ॲमोलेड पडदा यांनी ते बरेच घटतात. नवे मॉडेल आले की आधीचे उतरत्या भावात मिळते आणि धावण्यापुरते ते सहसा पुरेसे असते. परदेशातून मागवलेल्या घड्याळाची वॉरंटी भारतात चालेल का, हे आधी विचारावे.

घड्याळ हाती आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. फोनशी जोडून उपग्रहांची माहिती अद्ययावत करावी, उपग्रह सापडल्याची खूण दिसेपर्यंत उभे राहावे आणि नेहमीच्याच रस्त्याच्या एकाच कडेने जाऊन त्याच कडेने परत यावे. नंतर नकाशा मोठा करून पाहावा. जातानाची आणि येतानाची रेघ जवळजवळ एकावर एक पडली असेल तर घड्याळ ठेवून घ्यावे. दोन-तीन दिवस रेघ लोकांच्या घरांतूनच जात असेल, तर खोके अजून फेकलेले नसावे.