परसातल्या मांडवासाठी घरचं लाकूड: पौषात तोडा, वैशाखात रोवा

इंदूर, महू, देवास या पट्ट्यात बांधावरची बाभूळ तोडून तिच्याच मेढी (खांब) गिलक्या-दोडक्याच्या मांडवाला लावतात. अशी मेढ मोडते ती बहुतेक वेळा जमिनीलगत. खोल मातीत हवा कमी असते, वरचं लाकूड कोरडं राहतं. ओल आणि हवा दोन्ही मिळतात त्या वीतभर भागात बुरशी लाकूड कुजवते. वाळवीही तिथूनच चढते. म्हणून पुढची सगळी मेहनत मुख्यतः त्या वीतभरासाठी आहे.

तोड डिसेंबर-जानेवारीत करा. थंडीत लाकूड सावकाश वाळतं, भेगा कमी पडतात, किडीचा जोरही कमी असतो आणि पावसाआधी चार महिने हाती राहतात. शहराच्या हद्दीत झाड तोडायला मध्य प्रदेशच्या 2001 च्या वृक्ष परिरक्षण अधिनियमानुसार आधी परवानगी घ्यावी लागते. सागवान तोडायचा असेल, तर परवानगीची चौकशी शेतातही आधीच करा.

तोडल्यावर कापाचं तोंड बघा. बाभळीत बाहेर फिकट कडं आणि आत तांबूस गाभा दिसतो. टिकतो तो गाभाच. बाहेरचं कडं सागाचंही कुजतं. पाच इंची मेढीला इंचभर कडं असेल, तर कामाचे तीनच इंच उरतात, हे धरूनच जाडी निवडा. कोवळ्या सुबाभळीत आणि निलगिरीत जवळजवळ सगळं कडंच असतं. ती मातीत पुरू नयेत.

साल आठवडाभरात काढा. ओली असताना ती सोलून निघते आणि राहिली तर तिच्याखाली भुंगेरे अंडी घालतात. पुढे मेढीच्या बुडाशी पिठासारखा भुसा दिसला, तर कीड आत शिरली असं समजा. ती शिरू नये म्हणून लाकूड ओलं असतानाच बोरॅक्सचा (टाकणखाराचा) उपाय चांगला: 100 लिटर कोमट पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड विरघळवा. ताडपत्री अंथरलेल्या चरात ओल्या मेढी आठ-दहा दिवस दगडांखाली दाबून बुडवून ठेवा, मग तीन आठवडे प्लास्टिकमध्ये गुंडाळा म्हणजे औषध आत झिरपेल. वाळलेल्या लाकडात ते नीट उतरत नाही. हातमोजे घाला, गुरं-मुलं दूर ठेवा. उरलेलं पाणी भाजीच्या वाफ्यात ओतू नका; जास्त बोरॉनने पानांच्या कडा करपतात.

यानंतर टोकांना शेणाचा जाड लेप द्या, कारण तिथूनच लाकूड भराभर सुकून तडकतं. मेढी जमिनीपासून फूटभर उंच दगडांवर, मध्ये फटी ठेवून, सावलीत रचा. उन्हात टाकल्या तर चैत्रातच फुटतात.

एप्रिल-मेमध्ये रोवताना नऊ फुटांच्या मेढीचे अडीच फूट जमिनीत जाऊ द्या, जाड बुंधा खाली. वाळलेल्या मेढीच्या बुंध्यापासून जमिनीच्या वर वीतभरापर्यंत गरम डांबराचे दोन हात द्या, कारण बोरॅक्स ओल्या मातीत हळूहळू धुऊन जातं. तळाचं तोंड मात्र मोकळं ठेवा. ओल्या लाकडावर डांबर लावलं तर पाणी आत कोंडून गाभ्यालगत कूज लागते.

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीच परत खड्ड्यात भरली तर मेढ दरवर्षी थोडी कलते. तीन फूट खोल खड्ड्यात तळाशी सहा इंच गिट्टी टाका, मेढ उभी करा आणि सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरून पहारीने ठोका. वर बाहेरच्या बाजूला उतार द्या. मेढीभोवती थेट सिमेंट ओतू नका: लाकूड सुकून आकसलं की फट पडते आणि पाणी तिच्यात साचतं.

सुबाभूळ किंवा निलगिरीच वापरायची असेल, तर जमिनीवर सहा इंच येईल असा काँक्रीटचा ठोकळा घाला आणि त्यात दोन लोखंडी पट्ट्या रोवा. ठोकळा सात दिवस पाण्याने भिजवत ठेवा. मग दोन बोल्टांनी मेढ पट्ट्यांत धरा, खाली अर्धा इंच मोकळं सोडून. बोल्टाची छिद्रं आधी गिरमिटाने पाडा.

पावसाळ्यात वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या की खरवडून काढा. दर मे महिन्यात मेढीभोवतीची चार इंच माती उकरून स्क्रू-ड्रायव्हर टोचा. टोक अर्धा इंच आत गेलं, तर त्या मेढीचं कुजकं टोक कापून उरलेली मेढ ठोकळ्यावर घ्या.